लाँगब्रिजचा मोटार कारखाना चोवीस छायाचित्रांत कसा मांडावा?

ओवी_चिंचवड

नमस्कार. आमच्या छायाचित्र मंडळाचे वार्षिक प्रदर्शन यंदा 'कारखाना' या विषयावर भरते आहे. प्रत्येक सदस्याला चोवीस चौकटी मिळतात. छायाचित्रे स्वतःच काढलेली असावीत अशी अट नाही. रीतसर परवानगी घेऊन जुन्या छायाचित्रांची केलेली मांडणीही चालते. मी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळचा लाँगब्रिजचा मोटार कारखाना निवडला आहे. दारासमोरून कामगारांच्या बसगाड्या जाताना पाहत जी लहानाची मोठी झाली, तिने सातासमुद्रापलीकडचा कारखाना का घ्यावा, असे मंडळातही विचारले गेले, म्हणून कारण आधीच सांगून टाकते.

माझे वडील टाटांच्या पुण्यातील कारखान्यात रंगकाम विभागात होते. २००३ च्या सुमारास तिथे तयार होणाऱ्या इंडिकांपैकी काही गाड्यांवर 'रोव्हर' या इंग्लिश कंपनीचे चिन्ह बसू लागले आणि त्या 'सिटीरोव्हर' या नावाने इंग्लंडला जाऊ लागल्या. त्या दिवसांतले एक छायाचित्र आमच्या घरी आहे. वडील आणि त्यांचे चार सोबती उन्हात डोळे बारीक करून उभे आहेत, मागे चंदेरी गाडी आहे आणि तिच्या तोंडावर जहाजाच्या शिडाचे ते चिन्ह आहे. छायाचित्राच्या पाठीवर वडिलांनी 'साहेबाच्या देशी' एवढेच लिहून ठेवले आहे. हे चिन्ह ज्या कारखान्याचे होते तो कसा होता, हे पाहायला गेले आणि लाँगब्रिजमध्ये अडकले.

अडचण अशी की जमवलेल्या छायाचित्रांचे आपोआप दोनच ढीग झाले. एका ढिगात कंपनीने काढवून घेतलेली, लख्ख, ओळीने गाड्या लावलेली छायाचित्रे आहेत. दुसऱ्यात २००५ नंतरची, कारखाना बंद पडल्यावर हौशी लोकांनी आत शिरून काढलेली, गंजाची आणि फुटक्या काचांची छायाचित्रे आहेत. पहिला ढीग जाहिरातीसारखा वाटतो आणि दुसरा स्मशानासारखा. मधला शंभर वर्षांचा कारखाना कुठे सापडेल? शिवाय अनेक छायाचित्रांखाली साल दिलेले नाही, त्यांचा काळ कसा ठरवावा? नमुन्यादाखल काही छायाचित्रे सोबत जोडली आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

यंत्रवेडा

विषय उत्तम आहे, आणि लाँगब्रिज निवडलेत हे अधिक उत्तम, कारण ब्रिटिश मोटारधंद्याची चढती कमान आणि तिची उतरण एकाच आवारात पाहायला मिळेल अशी दुसरी जागा नाही. मात्र सुरुवात मोटारीपासून करू नका. सुरुवात रिकाम्या छापखान्यापासून करा.

हर्बर्ट ऑस्टिन हा मूळचा मोटारवाला नव्हे. तो तरुणपणी ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथे मेंढ्यांची लोकर कातरण्याची यंत्रे बनवणाऱ्या वुल्सली कंपनीत कामाला लागला. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्याने त्याच नावाखाली मोटारी तयार केल्या आणि १९०५ मध्ये मतभेद होऊन तो बाहेर पडला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या नैर्ऋत्येला सुमारे सात मैलांवर त्याला व्हाइट अँड पाइक या कंपनीचा बंद पडलेला छापखाना सापडला. विटांच्या बुटक्या इमारती, जवळून गेलेला रेल्वेमार्ग आणि भोवताली शेते, एवढेच तिथे होते. पहिली ऑस्टिन मोटार १९०६ मध्ये तयार झाली. तुमची पहिली चौकट शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या इमारतींची असेल, तर पुढच्या प्रत्येक चौकटीत शेते किती आक्रसली हे पाहणाऱ्याला न सांगता कळेल.

दुसरा मुक्काम पहिल्या महायुद्धाचा, आणि तिथे घाई करू नका. कारखान्याचा खरा विस्तार मोटारींनी झाला नाही, तोफगोळ्यांनी झाला. दोन-अडीच हजार कामगारांचा कारखाना युद्ध संपेपर्यंत वीस हजारांच्या पुढे गेला. त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती. ऐंशी लाखांच्या आसपास तोफगोळे आणि दोन हजारांच्या आसपास विमाने तिथून बाहेर पडली. इतक्या माणसांना राहायला घरे कुठली? म्हणून १९१७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातून देवदाराच्या लाकडाचे सुटे भाग आणून सुमारे दोनशे बंगल्यांची वसाहत उभी केली गेली. इंग्लंडमधील विटांच्या घरांच्या रांगांमध्ये ती लाकडी घरे आजही परक्या पाहुण्यांसारखी दिसतात. ऑस्टिनचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये फ्रान्समध्ये रणांगणावर मारला गेला, हे लक्षात ठेवून त्या काळातली त्याची छायाचित्रे पाहावीत.

युद्ध संपले आणि अवाढव्य कारखाना रिकामा झाला. १९२१ मध्ये कंपनी धनकोंच्या वतीने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेली. संचालक मंडळ छोट्या मोटारीला तयार नव्हते, म्हणून ऑस्टिनने स्टॅनली एज या अठरा वर्षांच्या आरेखकाला लिकी ग्रेंज या आपल्या घरी बोलावले आणि तिथल्या बिलियर्डच्या खोलीत 'ऑस्टिन सेव्हन'ची आरेखने तयार झाली. १९२२ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीने कारखाना वाचवला. १९३९ पर्यंत अशा जवळजवळ तीन लाख गाड्या बनल्या. हीच गाडी परवान्यावर जर्मनीत 'डिक्सी' या नावाने बनत होती, तो कारखाना बीएमडब्ल्यूने १९२८ मध्ये घेतला आणि मोटारधंद्यात पाऊल टाकले. त्याच बीएमडब्ल्यूने १९९४ मध्ये रोव्हर समूह ८० कोटी पौंडांना विकत घेतला आणि २००० मध्ये लाँगब्रिजसह रोव्हरचा गाड्यांचा धंदा १० पौंडांना देऊन टाकला. दहा म्हणजे दहाच. सेव्हनची चौकट आणि २००० सालची चौकट समोरासमोरच्या भिंतींवर लावता आली तर पाहा.

मधल्या काळातले दुवे थोडक्यात सांगतो. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड झाली, १९७५ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे तिचेच नाव रोव्हर समूह झाले आणि १९८८ मध्ये ती ब्रिटिश एअरोस्पेसकडे गेली. फाटकावरच्या पाट्या बदलत गेल्या. फक्त पाट्यांची पाच छायाचित्रे मिळाली तरी एक भिंत भरेल, पण ती भिंत मला स्वतःला कंटाळवाणी वाटेल.

डार्करूम_काका

ओवीताई, तुमच्या दोन ढिगांविषयी थोडे सांगावेसे वाटते. मी कोल्हापुरात वडिलांच्या फोटो स्टुडिओत काचेच्या प्लेटा धुण्यापासून सुरुवात केली आहे, त्यामुळे इतिहासापेक्षा कॅमेऱ्याच्या मागच्या माणसाविषयीच बोलतो.

मोठ्या कारखान्यांच्या पदरी स्वतःचे छायाचित्रकार असत. त्यांचे काम इतिहास नोंदवण्याचे नव्हते. माहितीपत्रकासाठी गाडी, भागधारकांसाठी नवी इमारत, कंपनीच्या मासिकासाठी बक्षीस समारंभ, विम्यासाठी आणि अभियंत्यांसाठी यंत्रांची नोंद, अशी त्यांची कामे ठरलेली असत. म्हणून प्रत्येक छायाचित्र हातात घेतल्यावर पहिला प्रश्न 'यात काय दिसते' हा न विचारता 'हे कुणाच्या पैशाने काढले' हा विचारावा. तुमचा पहिला ढीग जाहिरातीसारखा वाटतो, कारण त्यातला बराच भाग जाहिरातच आहे.

मात्र त्याच ढिगात कारखाना लपलेला असतो. मोठ्या प्लेटवर प्रकाश टिपायला अंधाऱ्या शेडमध्ये कित्येक सेकंद लागत. फोरमन 'हलू नका' म्हणून सांगे, बहुतेक लोक पुतळ्यासारखे उभे राहत, पण एखादा मुलगा हातगाडी ढकलत मधूनच जाई आणि प्लेटवर त्याचा धुरकट पट्टा तेवढा उमटे. असे पट्टे शोधा. मांडणी करून घेतलेल्या चित्रात मांडणी न जुमानणारा एवढाच एक माणूस असतो.

दुसरी गोष्ट, माहितीपत्रकातल्या गाडीच्या मागचे सगळे पांढरेशुभ्र दिसते ते कागदी पडद्यामुळे नव्हे. गाडी आवारातच उभी करून छायाचित्र काढत आणि मग निगेटिव्हवर गाडीच्या कडेकडेने बारीक कुंचल्याने प्रकाश अडवणारा लाल रंग भरत. छापताना तेवढा भाग कोरा पांढरा येई. आम्ही लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या मागचा मांडवाचा बांबू असाच उडवत असू. संग्रहात मूळ निगेटिव्हची न कापलेली प्रत मिळाली, तर त्या पांढऱ्या भागाच्या बाहेर, अगदी कडेला, भिंतीला टेकून सिगारेट ओढणारा कामगार, सायकलींची रांग किंवा गाडीचा पडदा धरून उभे असलेले दोन हात सापडू शकतात. संग्रहाला पत्र लिहिताना 'छापलेली प्रत नको, पूर्ण प्लेट हवी' असे स्पष्ट लिहा. वॉरिकशायरमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात या कारखान्यांच्या छायाचित्रांचा मोठा साठा आहे.

तिसरा ढीगही आहे, तो तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. १९१९ मध्ये स्थापन झालेली एअरोफिल्म्स नावाची कंपनी विमानातून छायाचित्रे काढून ती कारखानदारांना विकत असे. तिचा १९५३ पर्यंतचा संग्रह 'ब्रिटन फ्रॉम अबव्ह' या नावाने महाजालावर ठेवलेला आहे. यंत्रवेडा म्हणतात ती आक्रसणारी शेते त्यात सापडतील.

लेथमास्तर

काळ ठरवण्याविषयी मी सांगू शकेन. मी एकतीस वर्षे मशीन शॉपमध्ये काढली, त्यामुळे माझी नजर आधी छताकडे जाते.

जुन्या मशीन शॉपच्या छायाचित्रात छताखालून लांबच लांब दांडे गेलेले दिसतात, त्यांवर कप्प्या असतात आणि प्रत्येक कप्पीवरून कातडी पट्टा खाली यंत्रापर्यंत उतरलेला असतो. एक मोठे इंजिन किंवा मोटर तो सगळा दांडा फिरवी आणि त्याच्या जोरावर शंभर यंत्रे चालत. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर आली आणि पट्ट्यांचे जंगल हळूहळू विरळ होत गेले. छत मोकळे दिसू लागले की समजावे, आपण पुढच्या काळात आलो. नेमके साल यातून निघत नाही, पण दोन छायाचित्रांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे बहुतेक वेळा निघते. मात्र एकाच कारखान्यात नव्या शेडमध्ये मोटरी आणि जुन्या शेडमध्ये पट्टे असे बरीच वर्षे नांदत असत, हे विसरू नका.

डार्करूमकाकांनी कित्येक सेकंदांची गोष्ट सांगितली, त्यावरून एक सुचले. तुम्ही दिलेल्या छायाचित्रांतले तिसरे मी मोठे करून पाहिले. पट्टे अगदी रेखीव आले आहेत, त्यांचा सांधासुद्धा दिसतो. चालता पट्टा इतक्या वेळात असा कधीच येणार नाही, तो धूसर येतो. म्हणजे यंत्रे बंद होती. पण प्रत्येक यंत्रापाशी माणूस वाकून काम करतो आहे! पहिल्या रांगेतल्या माणसाने हत्यार जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, लावले आहे, पण खाली ट्रेमध्ये बुरादा नाही, एक वळीसुद्धा नाही. शॉप झाडून पुसून, दांडा थांबवून, माणसांना कामाचा आव आणायला सांगून काढलेले हे छायाचित्र आहे. खोटे म्हणून ते टाकून देऊ नका. साहेबाला आपला कारखाना कसा दिसायला हवा होता, याचे ते खरे छायाचित्र आहे. खाली ओळ लिहिताना मात्र 'कामात गढलेले कामगार' असे लिहू नका.

दुसऱ्या महायुद्धाची दोन ठिकाणे सांगतो. लाँगब्रिजच्या शेजारी कॉफ्टन हॅकेटला सरकारी पैशाने विमानांचा कारखाना उभा राहिला, तिथे फेअरी बॅटल, स्टर्लिंग, लँकेस्टर अशी विमाने तयार झाली. आणि कारखान्याच्या खाली बोगदे खणले गेले. बॉम्बहल्ल्यात आसरा म्हणून तर त्यांचा उपयोग झालाच, पण त्यांत यंत्रे मांडून कामही चाले. बोगद्यातल्या छायाचित्रात छत अर्धगोल असते आणि दिव्यांची एकच रांग दूरवर बारीक होत गेलेली दिसते, त्यामुळे ती ओळखायला सोपी.

एक चौकट माझ्या आग्रहाखातर ठेवा. जून १९४६ मध्ये दहा लाखावी ऑस्टिन बाहेर पडली. त्या फिकट रंगाच्या गाडीवर कारखान्याचा प्रमुख लेनर्ड लॉर्ड याच्यासह कामगारांनी सह्या केल्या. बोनेटवर, दारांवर, मडगार्डवर, जिथे जागा मिळेल तिथे. ती गाडी जतन करून ठेवलेली आहे. कामगार कारखान्याच्या छायाचित्रांत शेकड्यांनी दिसतो, पण नावाने क्वचितच दिसतो, म्हणून मला या गाडीचे अप्रूप वाटते.

थोडे विषयाच्या कडेचे, पण राहवत नाही. १९४९ पासून ऑस्टिनने साउथ वेल्समधील बारगोड येथे मुलांच्या पायडलच्या मोटारी बनवल्या. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या खाणकामगारांना बसून करता येईल असे काम मिळावे, म्हणून तो कारखाना काढला होता. लाँगब्रिजच्या दाबयंत्रांखाली उरलेले पत्र्याचे तुकडे त्यासाठी वापरले जात. छायाचित्र मिळाले तर चोवीसात घ्या अगर पंचविसावे म्हणून दाराशी लावा.

गंधार_पु

चर्चा फार छान चालली आहे. एक शंका आहे. रोव्हर तर आता टाटांकडेच आहे ना? मग लाँगब्रिजही टाटांचेच झाले असेल, आणि टाटांच्या पुण्यातील संग्रहालयातून किंवा कार्यालयातून छायाचित्रे सहज मिळू शकतील. इंग्लंडला पत्रव्यवहार कशाला?

नॉर्थफील्डचा_मराठी

गंधार, हा घोळ फार जणांचा होतो, त्यामुळे आधी तो सोडवतो. बीएमडब्ल्यूने २००० मध्ये रोव्हर समूहाचे तुकडे केले. लँड रोव्हर फोर्डला विकली, मिनी ही छोटी गाडी स्वतःकडे ठेवून तिचे उत्पादन ऑक्सफर्डच्या काउली कारखान्यात नेले, आणि लाँगब्रिजचा कारखाना, एमजी आणि रोव्हरच्या गाड्या एका नव्या कंपनीकडे सोपवल्या. तीच एमजी रोव्हर. टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, त्यांचे कारखाने सोलिहल, कॅसल ब्रॉमिच, हेलवुड इथले. लाँगब्रिज त्यात कधीच नव्हते. ते २००५ मध्ये चीनच्या नानजिंग ऑटोमोबाइलकडे आणि पुढे शांघायच्या साइक या मोटार कंपनीकडे गेले. फक्त 'रोव्हर' हे नाव फोर्डने बीएमडब्ल्यूकडून २००६ मध्ये विकत घेतले होते, ते जग्वार-लँड रोव्हरबरोबर टाटांकडे आले. म्हणजे ओवीताई, तुमच्या वडिलांच्या छायाचित्रातील गाडी पुण्यात तयार झाली तेव्हा तिच्यावरचे नाव परक्याचे होते, आणि आज ते नाव टाटांच्या मालकीचे आहे, पण त्या नावाची गाडी कुणीच बनवत नाही.

मी लाँगब्रिजला लागून असलेल्या नॉर्थफील्डमध्ये अकरा वर्षे राहतो. ब्रिस्टल रोडवरून कामाला जातो. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाना होता आणि गाड्यांचे सांगाडे रस्त्यावरून गेलेल्या पुलातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत जात. खालून बसमधून जाणाऱ्यांच्या डोक्यावरून रोज मोटारी जायच्या! तो पूल पाडला गेला. त्याचे छायाचित्र अवश्य मिळवा, कारण तो असल्याशिवाय कारखान्याचे आकारमान कळत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत इथे सुमारे पंचवीस हजार माणसे कामाला होती.

आता मधल्या शंभर वर्षांविषयी. कंपनीच्या छायाचित्रकाराने जे टिपले नाही ते वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी टिपले, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण कारखान्याच्या बाहेर, रस्त्यापलीकडे आहे, ते म्हणजे कॉफ्टन पार्क. कामगारांच्या मोठ्या सभा तिथे होत. नोव्हेंबर १९७९ मध्ये कामगार संघटनेचा कारखान्यातील प्रमुख प्रतिनिधी डेरेक रॉबिन्सन याला कामावरून काढले गेले. वृत्तपत्रे त्याला 'रेड रॉबो' म्हणत. व्यवस्थापनाचे प्रमुख मायकेल एडवर्ड्स यांनी पुनर्रचनेची योजना आणली होती आणि रॉबिन्सनने तिला विरोध करणाऱ्या पत्रकावर सही केली होती. त्याच्यासाठी संप करायचा का, यावर फेब्रुवारी १९८० मध्ये कॉफ्टन पार्कात हात वर करून मतदान झाले. सुमारे चौदा हजार विरुद्ध सहाशे अशा मतांनी संप फेटाळला गेला.

छायाचित्रांच्या दृष्टीने इथे एक मोठी गंमत आहे. हात वर केलेल्या जमावाचे छायाचित्र पाहून तो जमाव 'हो' म्हणतो आहे की 'नाही', हे कळत नाही. वर केलेला हात दोन्हीकडे सारखाच. कामगारांच्या एकजुटीचे छायाचित्र म्हणून मी एका ठिकाणी जे पाहिले, ते माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याच नेत्याला एकटे पाडणाऱ्या मतदानाचे आहे. म्हणून तारीख आणि ठरावाचा मजकूर मिळाल्याशिवाय या चौकटीखाली एक अक्षर लिहू नका. कॉव्हेंट्रीला वॉरिक विद्यापीठाच्या आवारातील मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये कामगार संघटनांची कागदपत्रे ठेवलेली आहेत, तिथे ताळा करता येतो.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९८० मध्ये, मेट्रो ही छोटी गाडी आली आणि तिच्यासाठी उभारलेल्या नव्या शेडमध्ये यंत्रमानव सांगाडे जोडू लागले. सात-आठ महिन्यांच्या अंतराने काढलेली ही दोन छायाचित्रे, एकात नुसती माणसे आणि दुसऱ्यात माणूसच नाही, शेजारी शेजारी लावावीत असे मला वाटते.

यंत्रवेडा

नॉर्थफील्डच्या मित्राशी एका बाबतीत माझे जुळत नाही. ती दोन छायाचित्रे शेजारी लावली तर पाहणारा 'यंत्रमानवांनी माणसांना घालवले' असा अर्थ काढून मोकळा होईल, आणि लाँगब्रिजचे तसे झाले नाही. यंत्रमानव फक्त सांगाड्याची जोडणी करीत. आतली आसने, तारा, काचा बसवायला हजारो माणसे पुढेही लागतच होती. कारखाना बुडण्यामागे नव्या गाड्यांसाठी न मिळालेला पैसा, विकासाला पुरेल इतकी विक्री नसणे आणि वारंवार बदललेले मालक ही कारणे मला जास्त मोठी वाटतात. दोन छायाचित्रांच्या मध्ये किमान एक तिसरे टाका, एखाद्या माणसाने अर्धे शरीर गाडीत घालून तारा ओवतानाचे.

आणि मिनीविषयी अजून कुणीच बोलले नाही, हे बरेच झाले! नाहीतर लाँगब्रिज म्हटले की लोक मिनीच्याच मागे लागतात. तरी एक चौकट द्यावी लागेल. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती जाहीर झाली. सुएझ कालव्याच्या संकटात पेट्रोल दुर्मिळ झाल्यावर अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने इंजिन आडवे बसवून, दहा इंची चाके लावून, अवघ्या दहा फुटांत चार माणसे बसवली. १९६५ मध्ये दहा लाखावी मिनी झाली, त्या वर्षीचे इसिगोनिसचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एका बाजूला ६२१ एओके क्रमांकाची पहिल्या वर्षीची मिनी, दुसऱ्या बाजूला १९६५ ची मिनी आणि मध्ये कोटटाय घातलेला तो. दोन गाड्यांत फरक शोधावा लागतो. सहा वर्षांत गाडी फारशी बदलली नाही हा अभिमान त्या छायाचित्रात आहे, आणि पुढची पस्तीस वर्षेही ती फारशी बदलली नाही ही चिंता आपल्याला त्यात आज दिसते. शेवटची मिनी ४ ऑक्टोबर २००० रोजी लाँगब्रिजमधून निघाली, तोवर एकूण ५३,८७,८६२ झाल्या होत्या.

ओवी_चिंचवड

सर्वांचे मनापासून आभार. लेथमास्तर काका, तिसऱ्या छायाचित्रातील पट्ट्यांविषयी वाचल्यावर मी ते पुन्हा मोठे करून पाहिले. सांधा तर दिसतोच, पण मागच्या खिडकीपाशी डार्करूमकाकांनी सांगितलेला धुरकट पट्टाही आहे. गुडघ्याएवढ्या उंचीवर एक फिकट रेघ, बहुधा कुणी तरी पेटी ढकलत नेत होते. या छायाचित्राला आता मोठी चौकट देते.

मांडणीत बदल केला आहे. काळाप्रमाणे एकच रांग न लावता छायाचित्र कुणी काढले त्याप्रमाणे चार भिंती करते: कंपनीचा छायाचित्रकार, विमानातला, वृत्तपत्रांचा, आणि शेवटी कामगारांचे आणि रहिवाशांचे घरचे कॅमेरे. मेट्रोच्या बाबतीत यंत्रवेडा यांचे म्हणणे पटले, मध्ये तारा ओवणारा माणूस येईल. भग्न कारखान्याविषयी मात्र अजून मन होत नाही. ती छायाचित्रे देखणी आहेत आणि नेमके तेच खटकते. वडिलांना दाखवली तेव्हा ते एवढेच म्हणाले, की ट्रॅकवर (गाड्या जोडण्याच्या रांगेवर) दार न लावलेली गाडी सोडून पाळी कधी संपत नाही.

नॉर्थफील्डचा_मराठी

ओवीताई, तुमच्या वडिलांनी नेमके ओळखले. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर बंद पडली तेव्हा सुटे भाग पुरवणाऱ्यांनी माल देणे थांबवले होते, त्यामुळे काम मध्येच थांबले आणि अर्ध्या बांधलेल्या गाड्या ट्रॅकवर तशाच राहिल्या. सुमारे सहा हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. गंजाची सगळी छायाचित्रे गाळा, पण ट्रॅकवरच्या त्या अर्धवट गाड्यांचे एक ठेवा. ते भग्नावशेषाचे छायाचित्र नाही, ते शेवटच्या पाळीचे आहे. सिटीरोव्हरही त्याच वेळी संपली, त्यामुळे घरच्या छायाचित्राची जागा त्याच्या शेजारी आहे.

चौथ्या भिंतीसाठी माझ्या शेजारच्या निवृत्त आजींकडे १ एप्रिल २००० च्या मोर्चाची छायाचित्रे आहेत. कारखाना वाचावा म्हणून त्या दिवशी बर्मिंगहॅममध्ये ऐंशी हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर आले होते. त्यांच्या छायाचित्रांत फलक कमी आणि खांद्यावर बसलेली मुले जास्त आहेत. परवानगी मी विचारतो, त्या नाही म्हणणार नाहीत.

आजचे छायाचित्र हवे असल्यास मीच काढून पाठवीन. कारखान्याच्या जागी आता महाविद्यालय, दुकाने आणि घरे आहेत. कारखान्याच्या खाली गाडलेली रे नावाची छोटी नदी उघडी करून तिच्या काठाने बाग केली आहे, तिला ऑस्टिन पार्क म्हणतात.

डार्करूम_काका

तिथे गेलात तर नुसती बाग नको. कॉफ्टन पार्कात जाऊन १९८० च्या छायाचित्रकाराची जागा शोधा. जुन्या छायाचित्रात मागे झाडांची रांग किंवा चढ दिसत असेल, त्याच्याशी जुळवत मागे-पुढे सरका. व्यासपीठावरून काढलेले असेल तर कॅमेरा डोक्याच्या वर धरावा लागेल, एखादे छोटे स्टूल बरोबर न्या.

नॉर्थफील्डचा_मराठी

रविवारी जातो. स्टूल स्वयंपाकघरातले आहे, बायकोला विचारावे लागेल.